शांतता समितीच्या खोलीबाहेरची माणसं

२०२४ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर नाशिकमधल्या एका पोलिस ठाण्यात शांतता समितीच्या बैठकीला गेले होते. ऑगस्टच्या मध्यावर जुन्या नाशकात बंदच्या दिवशी दगडफेक झालेली. त्यात विसर्जन आणि ईद-ए-मिलाद त्या वर्षी एकमेकांना लागून आलेले. साहेबांपासून चहा आणणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर ताण होता. खोलीत साठएक माणसं असतील. पुढच्या दोन रांगांत मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, माजी नगरसेवक, दोन-तीन व्यापारी. बहुतेकांनी पन्नाशी ओलांडलेली. बायका आम्ही चौघी, त्यातली एक ड्युटीवरची पोलिस. आम्हाला शेवटच्या रांगेत, पंख्याखाली जागा ठेवली होती. त्यामागे मान देण्याचाच हेतू होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

खिडकीतून ठाण्याचं आवार दिसत होतं. तिथे पंधरा-वीस मुलं गाड्यांवर बसून होती. आपापल्या अध्यक्षांना घेऊन आलेली. ढोल वाजवणारी हीच, मिरवणुकीत पुढे नाचणारी हीच, आणि चौकात काही बिनसलं तर दगड उचलणारी किंवा उचललेला हात धरणारीही हीच. आत तासभर जे ठरलं ते सगळं त्यांच्याबद्दल होतं आणि ती बाहेर मोबाइल बघत बसली होती.

बैठक संपत आली तेव्हा माझ्या शेजारच्या बाई उठल्या. म्हणाल्या, "साहेब, आमच्या बोळातला दिवा तीन महिने बंद आहे. रात्री तिथेच पोरं जमतात, तिथूनच शिवीगाळ सुरू होते. तो दिवा लावा आधी." साहेबांनी ऐकून घेतलं, टिपूनही घेतलं, आणि म्हणाले, "ताई, ते महापालिकेचं आहे." महापालिकेत तेव्हा नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तिथेच विषय संपला. मग सगळ्यांनी सामाजिक सलोखा राखण्याची शपथ घेतली, फोटो झाला.

मला त्या दिव्याबद्दलच बोलायचं आहे. त्या एका वाक्यात तणावाची जागा होती, वेळ होती, कारण होतं आणि उपायही होता. साठ माणसांच्या बैठकीत एवढी नेमकी माहिती दुसऱ्या कुणी दिली नव्हती. आणि ती ज्या बाईकडे होती तिला दाद मागायला जागा नव्हती. संघर्ष टाळण्यासाठी महिलांना आणि तरुणांना सामील करून घ्या, असं आपण भाषणांत म्हणतो तेव्हा त्यांना शपथेला बोलावतो, रॅलीत पुढे उभं करतो, मेणबत्ती हातात देतो. म्हणजे आग लागल्यावर किंवा लागेल असं वाटल्यावर. माझं म्हणणं असं, की पाण्याची पाळी, जमिनीची मालकी, बाजाराची जागा, मिरवणुकीचा रस्ता, बोळातला दिवा हे जिथे ठरतं तिथे त्यांना मतासकट बसवलं पाहिजे. भांडणाचं बी तिथे पडतं.

हे काही माझ्या एकटीच्या मनातलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव केला आणि शांततेच्या वाटाघाटींत, संघर्ष रोखण्याच्या कामात स्त्रियांचा सहभाग वाढवायला सांगितलं. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये २२५० क्रमांकाचा ठराव आला, तो १८ ते २९ वयाच्या तरुणांबद्दल. हे ठराव युद्धं डोळ्यांसमोर ठेवून झाले. आपल्याकडे युद्ध नाही. पण एका अफवेने जिल्हा बंद पडतो, धरणाचा दरवाजा उघडला की दोन प्रदेश एकमेकांसमोर उभे राहतात. शहाणपण तेच लागतं, फक्त आपल्या मापाने कापून घ्यावं लागतं.

१ जुलै २०१८ चा दिवस मी विसरत नाही. त्या दिवशी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, मंगळवेढ्याकडची माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, एवढी अफवा पुरली. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. जिथे ग्रामसभेचं इतिवृत्त ठेवतात, त्या खोलीत. लोकशाही आणि हिंसा या दोन वेगळ्या विषयांच्या फायली आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती खोली डोळ्यांसमोर आणावी.

त्याच रात्री आपल्या जिल्ह्यात, मालेगावात, तीच अफवा तशीच पसरली. पाच जण जमावाच्या तावडीत सापडले, त्यांच्यात एक दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना घरात घेऊन दार लावलं. पोलिस आले, जमाव पोलिसांवरही उलटला, पण ती पाचही माणसं जिवंत बाहेर पडली. मालेगावचं नाव घेतलं की बाकीच्या महाराष्ट्राला २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट आठवतात, दंगली आठवतात. हे बंद केलेलं दार कुणाला आठवत नाही. मला ते आठवतं, कारण अफवा आणि खून यांच्यामध्ये त्या रात्री एवढंच एक होतं: दार लावायची हिंमत असलेली चार माणसं, आणि ती योग्य गल्लीत असणं.

अशी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. ती कोण, हे आधी माहीत असायला हवं. आशाताईला ते माहीत असतं. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते, घरोघर तिचं जाणं-येणं असतं, कोणत्या घरात कोण पाहुणा आला हे तिला ठाण्याच्या आधी कळतं. अंगणवाडीच्या ताई आहेत, बचत गटांच्या सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या आहेत. आणि कोणत्या ग्रुपवर काय फिरतंय, कोणती क्लिप जुनी आहे आणि कुठल्या भलत्याच राज्यातली आहे, हे वीस वर्षांच्या पोराला दोन मिनिटांत ओळखता येतं. ही दोन्ही माणसं आज कोणत्याही यादीत नाहीत. त्यांच्याकडून लसीकरणाचे आणि मतदार नोंदणीचे आकडे मागतात. गाव कसं आहे, असं कुणी विचारत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका गावात लहान मुलीवरच्या अत्याचाराची घटना घडली आणि जिल्हा पेटला. गाड्या जळाल्या, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, रस्ते अडले. अफवा आवरेनात म्हणून प्रशासनाला काही दिवस मोबाइल इंटरनेट बंद करावं लागलं. त्या वेळी कदाचित दुसरा इलाज नव्हता, मी त्या निर्णयाला नावं ठेवत नाही. पण इंटरनेट बंद करणं याचा अर्थ, त्या मोबाइलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हजारो तरुणांपैकी ज्याच्याशी बोलता येईल असा एकही ओळखीचा नाही. आणि एका मुलीवरच्या अत्याचाराचा विषय बघता बघता दोन समाजांच्या पुरुषांच्या ताकदीचा विषय झाला. त्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या आयांना एकत्र बसवायची जागा जिल्ह्यात आधीपासून असती, तर काय झालं असतं, हा प्रश्न मी त्यानंतर अनेकदा स्वतःला विचारला आहे.

आधीपासून, हा शब्द मी मुद्दाम वापरते. भिवंडीचा दाखला आपल्याच राज्यातला आहे. मालेगावसारखंच यंत्रमागांचं गाव. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं. तिथे सुरेश खोपडे या पोलिस अधिकाऱ्याने १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतले कामगार, दुकानदार, साधी माणसं घेतली. त्या समित्या दंगल नसतानाही बसत, किरकोळ तंटे सोडवत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यामागचं गुपित मला साधं वाटतं: माणसं एकमेकांना आधीच ओळखत होती, नळाच्या आणि गटाराच्या भांडणांतून. आपल्या शांतता समित्या मात्र सणाच्या आठ दिवस आधी जाग्या होतात आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी झोपतात. गावपातळीवर १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. सुरुवातीची काही वर्षं खेड्यांत तिने खरोखर जीव आणला होता. पुढे ती बहुतेक ठिकाणी चौकातल्या फलकावर उरली.

आता कुणी म्हणेल, बायका आल्या म्हणजे शांतता आली असं थोडंच आहे? नाहीच आहे. बाई जात्याच मायाळू आणि शांत असते हे मी मानत नाही. ते म्हणणं स्त्रीला मखरात बसवून गप्प करण्याचंच दुसरं रूप आहे. बायकाही द्वेष करतात, चिथावतात, मुलाला "बांगड्या भर" म्हणून बाहेर पाठवतात. मी जागा मागते ती गोड स्वभावासाठी नाही, तर हिशेबासाठी. संचारबंदी लागली की हातावरचं पोट असलेल्या घरात त्या संध्याकाळी काय शिजणार, हे तिला ठरवावं लागतं. पोरावर गुन्हा दाखल झाला की तारखेला कोर्टाच्या आवारात ती बसते. नुकसानीचा हिशेब ज्याच्या घरात येतो, त्याला निर्णयात मत असलं तर निर्णय सावध होतो. तरुणांचंही तेच. दगड मारणारी पोरंच असतात, त्यांना कसलं समितीत घेता, असं एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला तोंडावर विचारलं. मी म्हटलं, दादा, मारणारा खोलीबाहेर आणि मार खाणाराही खोलीबाहेर, मग आत आपण कुणाशी बोलतोय?

त्या पोरांची बाजू थोडी सविस्तर मांडायला हवी. लोकशाहीवर तुमचा विश्वास का नाही, असं आपण त्यांना सहज विचारतो. नाशिक महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे मार्च २०१७ मध्ये ज्या मुलाला अठरा पूर्ण झाली, त्याने आपल्या वॉर्डासाठी पहिलं मत दिलं तेव्हा तो सत्तावीस गाठत आला होता. मधल्या जवळजवळ चार वर्षांत शहराला १२२ पैकी एकही नगरसेवक नव्हता. ज्या वयात माणूस पहिल्यांदा अर्ज लिहितो, कार्यालयात जातो, भांडतो, हरतो, पुन्हा जातो, त्या वयात त्याला समोर कुणी लोकांनी निवडून दिलेलं माणूसच भेटलं नाही. भेटले ते "भाऊ" आणि "दादा", ज्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो छोटा का होईना, लागत होता.

कॉलेजातही हेच. महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचाराचं कारण देऊन बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, २०१९ मध्ये होणार असं जाहीरही झालं, आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. तीस वर्षांहून जास्त काळ आपण मुलांना निवडणूक हरण्याचा सराव दिला नाही. हरल्यावर जिंकलेल्याशी हात मिळवून त्याच वर्गात बसायचं असतं, हे शिकायची ती एक जागा होती. ती हिंसेच्या भीतीने बंद केली आणि हिंसेला लागणारी रिकामी पोरं मात्र वाढत गेली. खासगी संस्थांचा विरोध, राजकीय पक्षांची भीती, हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही निवडणुका सुरू कराव्यात, पहिल्या वर्षी दोन-चार ठिकाणी गोंधळ झाला तरी कराव्यात.

जागा मिळाली की ही मुलं काय करतात, ते २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाशिकच्या तपोवनात पाहिलं. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी लागणाऱ्या साधुग्रामसाठी सतराशेहून अधिक झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथे उभे राहिलेले लोक म्हणजे कॉलेजची मुलं-मुली, सकाळी फिरायला येणाऱ्या बायका, आजी-आजोबा. घोषणा झाल्या, झाडांना मिठ्या मारून झाल्या. पण मला मोलाचं वाटलं ते हे, की लोकांनी लेखी हरकती दिल्या. हरकत कशी लिहायची, कोणत्या कायद्याखाली द्यायची, कुठे पोच घ्यायची हे एकमेकांना मोबाइलवर शिकवलं. एकही दगड न उचलता शासनाला थांबून विचार करायला लावलं. कुंभाला विरोध नाही, झाडतोडीला आहे, हा फरक त्या विशी-पंचविशीतल्या मुलांनी किती धीराने, पुन्हा पुन्हा समजावून सांगितला! धर्माचं नाव निघालं की गळे काढण्याची सवय झालेल्या आपल्या शहरात ही गोष्ट लहान नव्हती.

आता शहराबाहेर जाऊ. बचत गटांच्या कामासाठी माझं दिंडोरी-निफाडकडे जाणं असतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, हे आपल्याकडे बंधनकारक आहे. एका गावात मी त्या सभेच्या दिवशी पोचले. सभा अकराला होती. अकराला द्राक्षाच्या बागेत खुडणी चालू, सगळ्या बाया मजुरीवर. शिपाई रजिस्टर घेऊन बांधाबांधाने फिरत होता. चिकट झालेले हात पदराला पुसून बायका सही करत होत्या, काही अंगठा टेकवत होत्या. एकीने विचारलं, "कशाची रे सही?" तो म्हणाला, "महिला सभेची, मावशी." तिने सही केली आणि म्हणाली, "मग लिहून घे ना, अंगणवाडीच्या हापशाला पाणी नाही." त्याने रजिस्टर उलटसुलट केलं. विषयांचा रकाना आधीच भरलेला होता.

ग्रामसेवकाला दोष देऊन यातून सुटका नाही. त्याच्याकडे दोन-तीन गावं असतात, कागद पूर्ण करायचं दडपण असतं. सभेची वेळ चुकली आहे. खुडणीच्या दिवसांत सभा रात्री साडेआठला, जेवणं उरकल्यावर, वस्तीवर घ्यावी. रजिस्टर बायकांच्या हाती द्यावं आणि त्या सभेत झालेला ठराव मुख्य ग्रामसभेत पहिल्या क्रमांकावर वाचावा. याला नवा कायदा लागत नाही, पैसा लागत नाही.

महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीच्याही आधी. २०११ पासून निम्म्या जागा. आज गावोगाव बायका सरपंच आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणींनी शाळा, पाणी, दारूबंदी यांत पुरुषांना न जमलेलं करून दाखवलं आहे. "सरपंचपती" हा शब्द आपण हसत हसत उच्चारतो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. निवडून आलेल्या बाईच्या अधिकारावर दुसऱ्याने बसणं हा लोकांच्या मतावरचा कब्जा आहे. त्यात आरक्षण दर निवडणुकीला फिरतं. पहिल्या दोन वर्षांत कागद कळतात, तिसऱ्या वर्षी बाई बोलू लागते, पाचव्या वर्षी जागा खुली होते आणि पुरुष परत येतो. एक वॉर्ड किमान दोन मुदती महिलांकडे राहावा, ही मागणी जिल्ह्यातल्या कितीतरी माजी सरपंच बायका करतात. मला ती पटते.

पण खुर्चीखालीही एक जमीन असते आणि ती कुणाच्या नावावर आहे, यावर बरंच ठरतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. लाखोंनी बायका आल्या होत्या. माझी आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती. दोन दिवसांच्या भाकरी बांधून. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: नवऱ्याने स्वखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावे करावी. कितीतरी गावांनी ती केली. आईच्या नावावर वीस गुंठे झाले, त्याचा सातबारा ती ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवायची. सोसायटीच्या सभेला जायला लागली ती त्यानंतर. आधी तिला बोलावणंच येत नसे, कारण ती सभासद नव्हती.

हे मी आईच्या कौतुकासाठी सांगत नाही. वाघाड धरणाचं उदाहरण बघा. दिंडोरी तालुक्यातलं हे धरण. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला असलेल्या ओझर-मोहाडीकडच्या शेतकऱ्यांना पाणी पोचत नव्हतं. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास तिथे पाणी वापर संस्था सुरू झाल्या आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. हेड आणि टेल यांची मारामारी जिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते, तिथे पाणी मोजून वाटलं गेलं. संघर्ष रोखणं म्हणजे काय, याचं याहून सुंदर उदाहरण मला सुचत नाही. कुणी शांततेची शपथ घेतली नव्हती. मोजमापाचं यंत्र बसवलं, पाळ्या ठरवल्या, हिशेब उघडा ठेवला. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने राज्यभर अशा संस्थांना आधार दिला. पण सभासद व्हायला जमीन नावावर लागते. रात्रीचं बारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला नवऱ्याबरोबर बॅटरी घेऊन जाणारी, चारी फुटली की चिखलात उतरणारी बाई त्या संस्थेची सभासद नसते. घरातला विशीतला मुलगाही नसतो, कारण सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. पाण्यावरून बांधावर डोकी फुटतात तेव्हा ती या दोघांचीच फुटतात. सातबाऱ्यावर पती-पत्नीचं नाव एकत्र लावणं आणि कुटुंबातल्या एका तरुणाला सहसभासद करणं, एवढा बदल झाला तर पाण्याच्या तंट्यांचं स्वरूपच पालटेल, असं मला मनापासून वाटतं.

आणि गावाचं भांडण जिथे संपतं, तिथून प्रदेशाचं सुरू होतं. गोदावरी खोऱ्यात नाशिककडची गंगापूर, दारणा ही वरची धरणं, मराठवाड्यातलं पैठणचं जायकवाडी खालचं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. पावसाळा संपता संपता, १५ ऑक्टोबरच्या आसपास, धरणांच्या साठ्याचा आढावा घेतला जातो आणि जायकवाडीत तूट असेल तर वरून पाणी सोडायचं. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे तत्त्व उचलून धरलं. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी हमखास वातावरण तापतं. इकडे "एक थेंबही देणार नाही", तिकडे "हक्काचं पाणी घेणारच". कालव्यावर बंदोबस्त लागतो. २०२३ च्या नोव्हेंबरात हेच झालं. दोन्हीकडच्या मंचांवर मी बघते, तर सगळे पुरुष, आणि त्यातले बहुतेक जण पाण्याच्या राजकारणात तीस-चाळीस वर्षं मुरलेले.

नाशिकची बाजू मला कळते. बागा कर्ज काढून उभ्या केल्या आहेत. पण नाशिक म्हणजे फक्त गोदाकाठ नव्हे. येवला, नांदगाव, सिन्नरच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकर लागतात. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यात धो धो पाऊस पडतो आणि मे महिन्यात बायका दोरीला धरून विहिरीत उतरतात, वाटीने पाणी भरतात. जालन्याच्या, पैठणच्या वाड्यांवरच्या बायकाही तेच करतात. या बायकांच्या तोंडी "आमचं पाणी, तुमचं पाणी" मी कधी ऐकलं नाही. हंडे किती, खेपा किती, टँकर किती वाजता, हे ऐकलं. आदिवासी शेतकऱ्यांचा मार्च २०१८ चा लाँग मार्च नाशिकहून निघाला, त्यातही अर्ध्या वाटेवर चपला झिजून अनवाणी झालेल्या कितीतरी बायका होत्या. मुंबईत दहावीच्या मुलांचा पेपर आहे म्हणून तो मोर्चा रात्रीतून चालत आझाद मैदानावर गेला, कुणाचाही रस्ता न अडवता. हजारोंचा जमाव परक्या शहरातल्या मुलांच्या परीक्षेचा विचार करतो. ज्यांना हा विचार सुचतो, त्यांना पाण्याच्या वाटपाच्या टेबलापासून दूर ठेवून आपण काय मिळवतो?

म्हणून माझी एक मागणी फार ठोस आहे. दर वर्षी साठ्याच्या आढाव्याआधी, सप्टेंबर संपायच्या आत, गोदावरीच्या वरच्या आणि खालच्या तालुक्यांतल्या बायकांची आणि तिशीखालच्या शेतकऱ्यांची एक संयुक्त बैठक व्हावी. एक वर्ष निफाडला, एक वर्ष पैठणला. आमदार-खासदारांनी मागच्या रांगेत बसून ऐकावं. धरणांचे आकडे अधिकाऱ्यांनी तिथे सोप्या मराठीत मांडावेत. जे ठरेल ते पाणी सोडण्याचा आदेश काढणाऱ्या पाटबंधारे महामंडळाच्या निर्णयाला जोडून प्रसिद्ध व्हावं, आणि महामंडळाने ते मानलं नाही तर का मानलं नाही हे लिहून द्यावं. त्या बैठकीला अधिकार नसेल तर घेऊच नका. फोटोपुरत्या बैठका आपल्याकडे पुष्कळ आहेत.

शहरातल्या शांतता समित्यांबाबतही तसंच. निम्म्या बायका, एक तृतीयांश तिशीखालची मुलं-मुली, सभासदांची यादी ठाण्याच्या आणि विभागीय कार्यालयाच्या दारावर लावलेली, आणि महिन्यातून एकदा बैठक, सण असो वा नसो. त्या बैठकीला महापालिकेचा विभागीय अधिकारी हजर हवा, म्हणजे "ते महापालिकेचं आहे" हे उत्तर कुणाला देता येणार नाही. आता नगरसेवक आले आहेत. क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद कायद्यात असून ती कागदावर पडून आहे; ती या सभागृहाने पहिल्या वर्षातच सुरू करावी. सिंहस्थ तोंडावर आला आहे. लाखो माणसं येतील, रस्ते बंद होतील, दुकानं हलतील, वस्त्या उठवल्या जातील, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीतून ठिणगी पडू शकते. त्या नियोजनाच्या बैठकांमध्ये पंचवटीतल्या फुलं विकणाऱ्या बाया कुठे आहेत, हे मी दोन ठिकाणी विचारलं. दोन्ही ठिकाणी मला पास कुठे मिळेल ते सांगण्यात आलं.

निफाड-पैठणच्या त्या बैठकीत काय बोलायचं, असं एका मैत्रिणीने मला विचारलं. ती येवल्याकडची, तिच्या वाडीवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. मी म्हटलं, तू फक्त पैठणच्या बाईच्या शेजारी बस आणि तिला विचार, तुमच्याकडे टँकर कितव्या दिवशी येतो.